आम्ही काही ऐकलं नाही

आमच्या टॉफ्टनमध्ये माणूस फोनवर बोलला तर चालतं, फोनशी बोलला तर चालत नाही. फोनवर बोलणाऱ्याच्या पलीकडे निदान कोणीतरी असतं. फोनशी बोलणारा म्हणजे एक तर शहरातला, नाही तर डोक्यावर परिणाम झालेला, आणि आमच्या सस्कॅचेवानच्या या सपाट मुलखात दोन्हींत फारसा फरक करत नाहीत.

मी व्हर्ना. इथल्या कर्लिंग हॉलचं कॅन्टीन चालवते. काचेच्या अलीकडे कॉफी, दालचिनीचे बन आणि मी. काचेच्या पलीकडे बर्फ, आणि त्यावर जडशीळ दगड घसरवत, झाडू घेऊन त्यांच्यापुढे धावत, ‘झाडा, झाडा!’ म्हणून केकाटणारी माणसं. हिवाळ्यात रोज सकाळी माझ्याकडे कॉफीचा कट्टा भरतो. शेती विकलेले, शेती पोरांच्या हवाली केलेले आणि शेती असूनही बर्फाखाली गाडलेली असल्यामुळे रिकामटेकडे, असे सगळे लांब टेबलाशी बसतात. कॉफी कोणाच्या खिशातून जायची ते फासे टाकून ठरवतात आणि थंडी कालच्यापेक्षा जास्त की कमी यावर दुपारपर्यंत वाद घालतात.

कट्ट्याचा नियम एकच. दुसऱ्याचं बोलणं कानावर पडलं तरी ते ऐकलं असं दाखवायचं नाही. गाव एवढंसं, भिंती पातळ आणि हिवाळा संपता संपत नाही. ऐकलेलं सगळं बोलून दाखवायला लागलो तर वसंत येईपर्यंत एकमेकांची तोंडं बघायची सोय राहणार नाही. त्यामुळे आम्ही सगळं ऐकतो आणि खिडकीबाहेर बघत म्हणतो, “वारा सुटणार आज.”

या नियमाला पहिला तडा गेला तो एका बियाणं विकणाऱ्या पोरामुळे. जानेवारीत आला, काउंटरला टेकला आणि समोर बघत मोठ्यानं म्हणाला, “बायकोला सांग, मला उशीर होईल.” कानात ती फोनची बोंडं खुपसलेली होती, पण टोपीखाली ती दिसणार कोणाला? शेजारी ऑर्व्हिल टिमचुक उभा होता. सत्तरी ओलांडलेला, उंच, कमी बोलणारा, कट्ट्यावरचा सगळ्यात सभ्य माणूस. त्याला वाटलं, आपल्यालाच सांगतोय. तो हळूच म्हणाला, “माझी बायको वारली हो.”

पोरगा चपापला. म्हणाला, “माफ करा.” ऑर्व्हिल म्हणाला, “नाही, तुम्ही माफ करा.” मग दोघं इतका वेळ एकमेकांची माफी मागत राहिले की पोराची कॉफी गार झाली आणि बायकोला उशिराचा निरोप गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिलनं स्वतःच्या हातानं फलक लिहून दारावर लावला. ‘यंत्राशी बोलायचं असल्यास कृपया बाहेर जावे. तसदीबद्दल माफी असावी.’ बाहेर उणे तीस होतं. कट्ट्यानं एकमुखानं मान डोलावली. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू?

त्याच आठवड्यात युनिस हाल्व्हरसन बाई आल्या.

बाईंनी अख्ख्या गावाला तिसरीत शिकवलं. मला शिकवलं, कट्ट्यावरच्या मर्व्हला दोनदा शिकवलं, कारण तो पहिल्यांदा नापास झाला. लग्न केलं नाही. बहीण डॅगनी मूस जॉला असते, तिला रोज पत्र लिहायच्या. पण संधिवातानं बोटं आखडली, पेन धरवेना, फोनवरची अक्षरं दाबता येईनात. मग भाचीनं त्यांच्या फोनला ऐकून लिहायला शिकवलं. घरात एकटीनं भिंतींसमोर बोलायचं बाईंच्या जिवावर आलं, म्हणून त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या.

दारावरचा फलक त्यांनी वाचला. “योग्यच आहे,” म्हणाल्या आणि मफलर गुंडाळून परत बाहेर गेल्या. पायरीवर उभ्या राहून, वाऱ्याकडे पाठ करून बोलायला लागल्या. काचेतून आम्हाला दिसत होतं. तोंडातून वाफ, पापण्यांवर बर्फ, आणि त्या वाकड्या बोटांत फोन. थोड्या वेळानं थंडीनं फोनच बंद पडला. बाईंनी तो कोटात काखेखाली धरून ऊब दिली आणि पुन्हा सुरुवात केली.

कट्ट्यावर कोणी फासे टाकेना. ऑर्व्हिल उठला. दाराशी गेला, स्वतः लिहिलेला फलक टराटरा फाडला, तुकडे खिशात कोंबले आणि जागेवर येऊन म्हणाला, “वारा सुटला.”

“सुटलाय खरा,” मर्व्ह म्हणाला.

तेव्हापासून बाई आत, खिडकीजवळच्या छोट्या टेबलाशी बसायला लागल्या. आणि आमची खरी करमणूक सुरू झाली.

झालं असं, की बाईंनी जन्मभर पोरांना शुद्धलेखन घातलं होतं. मशीनला मजकूर सांगायचा म्हटल्यावर त्यांचा तोच आवाज लागला. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, एकेक शब्द सुटा करून, विरामचिन्हांसकट. “प्रिय डॅगनी, स्वल्पविराम. माझा गुडघा आज बरा आहे. पूर्णविराम.” पहिल्याच दिवशी कट्ट्यावरचे सगळे म्हातारे ताठ बसले. मर्व्हचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

आठवडाभर गुडघा, हवामान आणि डॅगनीची मांजर झाली. मग एके दिवशी बाई बनचा तुकडा मोडत म्हणाल्या, “प्रिय डॅगनी. ऑर्व्हिल टिमचुक रोज इथे येतो. पूर्णविराम. तो हिरवा कोट घालून बसला की थेट तळ्यातला बेडूक दिसतो. उद्गारचिन्ह.”

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. कट्ट्यावरची आठही डोकी खाली झुकली, जणू टेबलावर काहीतरी वाचायचं राहून गेलं होतं. ऑर्व्हिल हिरव्या कोटात त्यांच्या मधोमध बसला होता.

बाई शांतपणे पुढे सांगत होत्या. “पण हसला की डोळ्यांत शाळकरी पोर दिसतं. पूर्णविराम. हे वाचून झाल्यावर पुसून टाक.”

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिल निळा कोट घालून आला.

त्याकडे बघून बाईंनी डॅगनीला कळवलं, की निळा बरा आहे, पण डोक्यावरची ती कळकट टोपी त्याच्या बायकोच्या, ओल्गाच्या हयातीत शेवटची धुतली असावी, प्रश्नचिन्ह. तिसऱ्या दिवशी ऑर्व्हिल बोडका आला, पाणी लावून भांग पाडलेला. उणे पंचवीसमध्ये ओले केस! भांग अक्षरशः गोठला होता, टिचकी मारली असती तर मोडला असता. मी त्याच्यापुढे एक बन आपणहून ठेवला.

म्हणजे एकीकडे बाई बहिणीला सांगायच्या, आणि दुसरीकडे ऑर्व्हिल कपड्यांनी उत्तर द्यायचा. डॅगनीला काय कळत होतं देव जाणे, आम्हाला मात्र दोन्ही बाजू कळत होत्या. कट्ट्यावरची गर्दी वाढली. कर्लिंगच्या दगडाला कधी हात न लावलेली माणसं ‘सहज’ यायला लागली. बाईंनी फोन हातात घेतला की फासे थांबायचे, चमचे थांबायचे, पलीकडे बर्फावर ‘झाडा, झाडा’ म्हणणाऱ्यांना काचेवर टकटक करून गप्प बसवलं जायचं. आणि गंमत बघा, महिन्याभरापूर्वी यंत्राशी बोलणाऱ्यांना थंडीत हाकला म्हणणारी हीच माणसं! आता कोणी दुसरा बाईंच्या वेळेला फोनवर बोलायला लागला, तर मर्व्ह त्याला दटावायचा, “अरे, जरा हळू. काही रीतभात?”

मला मात्र हळूहळू धास्ती वाटायला लागली. बाईंना कळलं तर? मी एकदा कॉफी ओतताना आडून विचारलं, “बाई, इथे आवाज फार घुमतो, नाही?”

“घुमू दे ग,” बाई म्हणाल्या. “जन्मभर वर्गात घसा फोडला, तेव्हा कोणी ऐकलं नाही. आता कोण ऐकतंय?” आणि कट्ट्याकडे बघून कौतुकानं म्हणाल्या, “मुलं सभ्य निघाली हो माझी. कध्धी कोणी मान वर करत नाही.”

मुलांनी माना आणखी खाली घातल्या.

बाईंचा त्यात काय दोष? त्या स्वतः कोणाचं ऐकायच्या नाहीत. खरोखरच ऐकायच्या नाहीत. नियम पाळणारं गावात ते एकच माणूस, आणि त्यांना वाटायचं आपण सगळेच तसे.

मार्च लागला तशी बातमी आली. खरं म्हणजे बातमी जुनीच होती, आम्ही ती सोयीनं विसरलो होतो. ऑर्व्हिलनं शरदातच शेत आणि घर विकलं होतं. मार्चअखेर मुलगी शेली केलोनाहून ट्रक घेऊन येणार आणि त्याला घेऊन जाणार. तिकडे डोंगर, तळं, सफरचंदाच्या बागा आणि नातवंडं. इथे कोण उरलंय, असं तीही म्हणायची आणि तोही म्हणायचा.

मी भांडी तशीच टाकली आणि त्याला बाहेर पार्किंगमध्ये गाठलं. त्याच्या ट्रकच्या नाकातून इंजिन गरम ठेवायची वायर लोंबत होती, ती तो काढत होता.

“अहो ऑर्व्हिल, जाऊन बोला ना त्यांच्याशी.”

“कशाबद्दल?”

“कशाबद्दल काय? एवढं सगळं ऐकलंत.”

“मी काही ऐकलेलं नाही.” कान बीटासारखे लाल.

“मग कोट का बदलला?”

“जुना झाला होता.”

“आणि टोपी?”

तो वायर गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “व्हर्ना, समज, ऐकलं. समज, मी जाऊन म्हटलं, युनिस, मलाही तसंच वाटतं. तर तिला कळणार की मी ऐकलं. मी ऐकलं म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. मग ती या दारात पुन्हा पाऊल टाकेल? दुकानात दूध आणायला तरी जाईल? आत्ताच कुठे बिचारी माणसांत यायला लागलीय. ओल्गा गेल्यावर मी तीन हिवाळे घरात कोंडून घेतलं होतं, ते काय असतं मला माहीत आहे. मी केलोनाला गेलेला परवडला.”

रागही आला आणि रडूही आलं. एवढी सभ्यता काय जाळायची आहे, असं मनात म्हणत मी आत आले आणि मर्व्हवर खेकसले. मर्व्हनं काही केलं नव्हतं, पण तो हाताशी होता.

मर्व्हच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो म्हणाला, “मी सांगतो बाईंना.” मी हातातला डाव उगारला. “एक शब्द बोललास तर बघ. त्यांचा जीव जाईल लाजेनं.” मर्व्ह बसला. पण त्या दिवसापासून कट्ट्यावर मूग गिळून बसलेल्या माणसांची तोंडं बघवत नव्हती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खेळाचा मोसम संपून हॉलमधला बर्फ काढायला सुरुवात होणार होती. त्याच्या आदल्या सकाळी बाई आल्या. बन मागवला आणि तसाच ठेवला. फोन उचलला. फासे थांबले.

“प्रिय डॅगनी, स्वल्पविराम. ऑर्व्हिल शनिवारी जातोय. पूर्णविराम.” त्यांनी बन बाजूला सरकवला. “मी रोज सकाळी तयार होऊन इथे येते ती तुझ्यासाठी पत्र लिहायला नव्हे, हे तुला एव्हाना कळलंच असेल. पूर्णविराम. या वयात असं कोणाला सांगायचं म्हणजे हसं व्हायचं. पण तो नसला तर मी या खिडकीत कशाला बसू, हे मला कळत नाही.”

प्रश्नचिन्ह त्यांनी सांगितलं नाही. मग फोनला म्हणाल्या, “पुसून टाक. सगळं.” आणि फोननं पुसलं.

म्हणजे डॅगनीला ते कधी पोचलंच नाही. पोचलं ते फक्त आम्हाला. मी काउंटरखाली वाकून नाक पुसलं. मर्व्ह छताकडे बघत होता.

ऑर्व्हिल जागचा हलला नाही. निळा कोट, पाण्याचा भांग, हातात गार कॉफी. मला वाटलं, झालं, संपलं. आणि तेवढ्यात त्यानं खिशातून फोन काढला.

तो फोन शेलीनं त्याला नाताळात दिला होता आणि त्यावर तो फक्त वेळ बघायचा. त्यानं तो टेबलावर उभा ठेवला, मीठदाणीला टेकवला, समोर ताठ बसला आणि लिलावात बोली लावावी तशा आवाजात म्हणाला, “शेली!”

फोन म्हणाला, “मी तुमच्यासाठी काय करू?”

“शेलीला सांगायचंय. केलोनाला.”

“केलोनात आज बारा अंश, स्वच्छ ऊन,” फोन म्हणाला.

कट्ट्यावरून एक उसासा निघाला. बारा अंश म्हणजे आमच्याकडे लोक अंगणात खुर्च्या टाकतात.

“ऊन नको मला!” ऑर्व्हिल ओरडला. त्याचा चढलेला आवाज आम्ही जन्मात ऐकला नव्हता. काचेपलीकडे एकजण बर्फावर घसरून पडला. “शेलीला निरोप लिही. लिहितेस का? लिही. शेली, ट्रक आणू नकोस. मी येत नाही. घर विकलंय, हो, माहीत आहे. पोस्टाच्या वर खोली रिकामी आहे, ती घेतो. तू म्हणशील, बाबा, तिथे तुमचं कोण आहे?”

त्याच्या कपाळावर घाम आला होता. खिडकीकडे त्यानं एकदाही बघितलं नाही, कारण खासगी निरोप सांगताना माणूस इकडेतिकडे बघत नसतो.

“तर जे आहे,” तो म्हणाला, “ते आत्ता खिडकीजवळ बसलंय आणि त्यानं आपला बन खाल्लेला नाही.”

तुम्हाला सांगते, कॅन्टीनमधला फ्रिजसुद्धा गुरगुरायचा थांबला. आमच्यातलं कोणी कोणाकडे बघेना. मर्व्ह म्हणाला, “वारा…” आणि पुढे त्याला सुचेना.

सगळ्यात मोठी पंचाईत बाईंची. त्यांनी जन्मात दुसऱ्याचं ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकलं होतं. त्या बर्फाकडे बघत होत्या. मग बनकडे. मग त्यांचे गाल गुलाबी व्हायला लागले, मानेपासून वर वर. त्या उठल्या. खुर्ची करकरली. फोन हातात घेऊन त्या लांब टेबलापाशी आल्या आणि तिसरीच्या वर्गात उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या.

“ऑर्व्हिल,” त्या म्हणाल्या, “किती मोठ्यानं बोललास. सगळ्यांनी ऐकलं.”

ऑर्व्हिल उठून उभा राहिला. “तुझंही ऐकलंय, युनिस,” तो म्हणाला. “सगळ्यांनी.”

मी डोळे मिटून घेतले. हेच ते, ज्याला आम्ही सगळे भीत होतो.

“कधी?”

“पहिल्या दिवसापासून.”

“बेडूकसुद्धा?”

“म्हणून तर निळा घेतला.”

बाईंनी त्याचा कोट वरपासून खालपर्यंत बघितला, जणू आत्ताच तो दिसला. मग सावकाश कट्ट्याकडे वळल्या. सगळे म्हातारे, माझ्यासकट, शिक्षेला उभं राहायच्या तयारीत. “मर्व्हिन,” बाई म्हणाल्या, “खरं सांग.”

“बाई, आम्ही काही ऐकलं नाही,” मर्व्ह म्हणाला आणि हुंदका दिला.

बाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. मला वाटलं रडताहेत. मी काउंटरच्या बाहेर धावले, तर त्या हसत होत्या. टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी काढत, पोटभर हसत होत्या. “म्हणजे,” त्या म्हणाल्या, “माझं कोणीतरी ऐकत होतं! आणि तेही मन लावून!” मग ऑर्व्हिलला म्हणाल्या, “आणि तू, मेल्या, दोन महिने गप्प बसलास?”

“दुसऱ्याचं खासगी बोलणं ऐकणं बरं दिसत नाही,” ऑर्व्हिल म्हणाला.

यावर कट्टा फुटला. टेबलावर हात आपटले, कॉफी सांडली, कोणीतरी फासे हवेत उडवले. काचेपलीकडचे खेळणारे दगड टाकून आत आले, काय झालं म्हणून. आम्ही सगळे एकदम सांगायला लागलो, कारण आता ऐकल्याचं कबूल करायला हरकत नव्हती.

त्या गोंधळात बाईंनी ऑर्व्हिलच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. फोन पालथा ठेवला. त्याच्याकडे वाकल्या आणि बोलायला लागल्या.

ते बघितल्याबरोबर आम्ही गप्प झालो. जित्याची खोड. मी कॉफीचं मशीन बंद केलं. मर्व्हनं दार लोटून घेतलं. पण बाई आता कोणा यंत्राला सांगत नव्हत्या. त्या ऑर्व्हिलला सांगत होत्या, आणि इतक्या हळू, की नुसते ओठ हलताना दिसत होते. ऑर्व्हिल मान खाली घालून ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर ते शाळकरी पोर आलं होतं. आम्ही सगळे, अधिक पाच खेळाडू, श्वास रोखून पुढे पुढे झुकत गेलो. एक शब्द म्हणून कानावर पडला नाही.

“काय म्हणाल्या?” मर्व्ह माझ्या कानात कुजबुजला.

ऑर्व्हिल पोस्टाच्या वर राहायला गेला त्यालाही आता दोन हिवाळे झाले. आम्हाला अजून कळलेलं नाही.